इशारा मोबाईलवर, मजूर वावरात

मृगाच्या तोंडाशी आभाळ भरून येते तेव्हा आपल्या यवतमाळ जिल्ह्यात दोन गोष्टी एकाच वेळी घडत असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेच्या यंत्रणेत विजांची नोंद होते आणि ‘दामिनी’ ॲपवर इशारा निघतो. त्याच वेळी एखाद्या वावरात आठ-दहा बाया ओळीने वाकून काम करत असतात. त्यांच्यापैकी कितीतरी जणींकडे स्वतःचा फोन नसतो. ज्यांच्याकडे असतो त्यांचा घरी पोरांजवळ राहतो, नाहीतर धुऱ्यावरच्या पिशवीत डब्याखाली पडलेला असतो. इशारा बरोबर असतो, वेळेवरही असतो, पण त्या बाईच्या कानावर येत नाही.

हवामान बदल, आपत्ती व्यवस्थापन, तंत्रज्ञान हे शब्द सभा-बैठकांत बरेच ऐकू येतात. आम्ही विहाराविहारांत आरोग्याचे कार्यक्रम घेतो तिथे हे शब्द कोणी उच्चारत नाही. तिथे बाया विचारतात, “ताई, आभाळ कडाडलं त जाव कुठी? अन् मजुरी कोन देईन?” या दोन प्रश्नांची उत्तरे कोणत्याही ॲपमध्ये नाहीत. ती गावाला आणि समाजाला द्यावी लागतील. म्हणून वर्षावास सुरू होण्याआधी या पानावर आम्ही विजेबद्दल लिहीत आहोत.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात नैसर्गिक कारणांनी ८,०६० माणसे दगावली. त्यांतली २,८८७ वीज पडून गेली. म्हणजे दर तीन मृत्यूंमागे एकाहून जास्त मृत्यू विजेचा. पूर आला की टीव्हीवर दिसतो, मंत्री पाहणीला येतात. वीज मात्र इथे एक, तिथे दोन अशी माणसे नेते. बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते. ‘शेतात काम करताना वीज पडून महिला ठार’ अशी ती बातमी असते आणि ती बाई बहुतेक वेळा दुसऱ्याच्या शेतात राबणारी असते.

पायाळू माणूस आणि वीज

गावात आजही सांगतात की पायाळू माणसावर वीज पडते. काही घरांत पायाळू मुलीला पावसाळ्यात दाराबाहेर उभे राहू देत नाहीत. प्रसूतिगृहात काम केलेल्या आम्हाला पायाळू म्हणजे काय ते नीट माहीत आहे. पोटातल्या बाळाचे डोके खाली येण्याऐवजी पाय किंवा कुल्ले खाली येतात आणि त्याचा जन्म तसा होतो, एवढाच त्याचा अर्थ. त्या बाळाच्या अंगात वीज ओढून घेणारे काहीही नसते.

बुद्धांनी प्रत्येक गोष्टीचे कारण शोधायला शिकवले. विजेचे कारणही शोधता येते. तापलेली, ओलसर हवा वेगाने वर चढते. उंच ढगात बर्फाचे कण एकमेकांवर आपटतात, घासतात आणि ढगात विद्युतभार साठतो. तो जमिनीकडे झेपावतो तेव्हा आसपास जे उंच असेल त्याची वाट धरतो. झाड, खांब, सपाट वावरात उभा असलेला माणूस. जात, जन्म, नशीब, मागच्या जन्मीचे पाप यांचा त्यात काही संबंध नाही. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरू शकते. तापत्या हवेत वादळी ढगांना मिळणारे बळ त्यामुळे वाढते.

वीज कोणावर पडते, याचे खरे उत्तर म्हणूनच सरळ आहे: दुपारी दोन ते सहा या वेळेत जो उघड्यावर असतो त्याच्यावर. पावसाळ्याआधीच्या वादळांत आणि परतीच्या पावसात, म्हणजे पेरणीच्या आणि सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत, धोका जास्त. त्या वेळी उघड्यावर कोण असते? शेतमजूर, गुराखी, बकऱ्या चारणारी पोरे. पऱ्हाटी ज्याच्या मालकीची आहे तो घरी असू शकतो. पऱ्हाटी निंदणारीला घरी थांबता येत नाही.

झाडाखाली थांबू नका असे सगळे सांगतात. का, ते फार कमी जण सांगतात. वीज झाडावर पडली की बाजूला उभ्या माणसावर उडी मारू शकते. शिवाय ती मुळांवाटे जमिनीत पसरते. एका पायातून शिरून दुसऱ्या पायातून बाहेर पडते. एका झाडाखाली दहा-बारा बकऱ्या एकदम मरतात त्या यामुळे. म्हणून उघड्यावर सापडलो आणि कुठे जायला जागाच नसली तर दोन्ही पाय जोडून, उकिडवे बसायचे. आडवे पडायचे नाही. घोळक्याने बसायचे नाही, अंतर ठेवायचे. हा शेवटचा उपाय आहे, त्याने धोका कमी होतो, टळत नाही. रबरी चपलेने काही वाचत नाही.

यंत्र काय करते, कुठे थांबते

तंत्रज्ञानाला नावे ठेवणे हा आमचा हेतू नाही. ते आपल्या कराच्या पैशातून उभे राहिले आहे आणि ते आपण पुरेपूर वापरले पाहिजे. ‘दामिनी’ आपल्या ठिकाणाभोवती २० ते ४० किलोमीटरच्या परिसरातल्या विजा दाखवते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ ॲप पूर, ऊन, वादळ यांचे इशारे देते. महसूल मंडळांत ‘महावेध’ प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे बसली आहेत. २०२३ साली सगळ्यांचे मोबाईल एकदम मोठ्याने वाजले होते, ते आठवत असेल. ती एका मनोऱ्याच्या टप्प्यातल्या सर्व फोनवर एकाच वेळी इशारा पाठवण्याची चाचणी होती. त्यात ॲपही लागत नाही.

पण ॲपला चांगला फोन लागतो, रिचार्ज लागते, वावरात नेटवर्क लागते आणि हातात फोन धरायला मोकळा हात लागतो. निंदणाऱ्या बाईकडे यातले काय असते? म्हणून इशाऱ्याचा शेवटचा टप्पा माणसानेच पार करायचा असतो.

बांगलादेशाने हे करून दाखवले आहे. नोव्हेंबर १९७० मध्ये भोला चक्रीवादळात तिथे किमान तीन लाख माणसे बुडाली. वादळ येत असल्याची खबर होती, पण ती किनाऱ्यावरच्या गरिबाला नीट कळली नाही. स्वातंत्र्यानंतर १९७२ मध्ये रेड क्रॉसने तिथे चक्रीवादळ सज्जता कार्यक्रम सुरू केला आणि मग सरकारही त्यात आले. गावागावांतले स्वयंसेवक रेडिओवर इशारा ऐकायचे, हातात भोंगा घेऊन वस्तीत फिरायचे, झेंडे लावायचे, म्हाताऱ्यांना उचलून निवाऱ्यात न्यायचे. आज असे सुमारे ७६ हजार स्वयंसेवक आहेत आणि त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत. २०२० च्या ‘अम्फान’ वादळाआधी त्या देशाने वीस लाखांहून जास्त माणसे सुरक्षित जागी हलवली. उपग्रहांनी वादळ पाहिले आणि भोंगेवाल्यांनी माणसे हलवली. दोघांपैकी एक नसता तर हे झाले नसते.

मजुरी कोण देईल?

आता त्या बाईच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. समजा इशारा वावरात पोचला. दुपारचे तीन वाजले आहेत, पश्चिमेकडे काळे झाले आहे. ती खुरपे टाकून उठू शकते का? रोजाने असेल तर अर्ध्या दिवसाची मजुरी कापली जाते. उक्त्याने काम घेतले असेल तर काम उरते आणि उद्या पुन्हा यावे लागते. उद्या दुसरीकडची मजुरी बुडते. म्हणून बाया एकमेकींना म्हणतात, “थोडंसं राह्यलं, उरकून टाकू.” त्या ‘थोडंसं’मध्ये जीव जातो.

२०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतमजूर आणि शेतकरी दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. तेव्हाही प्रश्न औषधाच्या डब्यावरच्या सूचनेचा होता तितकाच मजुराच्या हातातल्या निर्णयाचा होता. वारा उलटा वाहतो म्हणून पंप खाली ठेवण्याची मुभा ज्याला नाही, त्याला सूचना वाचता आली तरी काय उपयोग?

बाबासाहेबांनी हा प्रश्न दोन्ही बाजूंनी हाताळला होता. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४३ च्या दामोदर नदीच्या पुरानंतर, पूर आवरणे, वीज निर्माण करणे आणि सिंचन यांचा एकत्र विचार करणाऱ्या दामोदर खोरे योजनेला त्यांच्या खात्याने आकार दिला. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याच्या परिषदेत त्यांनी त्याची मांडणी केली. त्याच काळात कारखान्यातल्या मजुराचे आठवड्याचे तास ४८ वर आणणारी कायदादुरुस्तीही १९४६ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने झाली. नदी आवरायला अभियंता लागतो आणि मजुराला सावरायला कायदा लागतो, हे त्यांना ठाऊक होते. शेतमजूर मात्र अजून त्या सावलीबाहेर आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. विजेचा इशारा आला की काम थांबेल आणि त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही, असा ठराव ग्रामसभेत व्हावा. ठराव म्हणजे कायदा नव्हे, हे आम्हाला माहीत आहे. पण हंगामाआधी मजूर आणि शेतमालक समोरासमोर बसून बोलले, चार माणसांत शब्द दिला गेला, तर वावरात उभ्या असलेल्या बाईला उठायला बळ येते. लहान शेतकरीही आपल्यासोबतच वावरात असतो. वीज त्यालाही सोडत नाही. ही बोलणी भांडणाची व्हायची गरज नाही.

आसऱ्याचाही एक मुद्दा त्याच बैठकीत निघाला पाहिजे. वावरात पक्के घर असले तर आभाळ कडाडताना मजुरांना आत घेतले जाते का, की ओसरीवर थांबवले जाते? २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत मदतछावण्यांमध्येही दलितांना वेगळे ठेवल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. आपत्ती आली म्हणून जात आपोआप विरघळत नाही. जीव वाचवायला आत या, हे वाक्य आधी ठरवून घ्यावे लागते.

विहारातून काय करता येईल

आपल्या बहुतेक वस्त्यांमध्ये विहार आहे. पुष्कळ ठिकाणी तो स्लॅबचा आहे, त्यात वीजजोडणी आहे, भोंगा आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात तिथे रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. विजा आणि पुराचा काळही बराचसा हाच. लोक जमलेलेच असतात. पाच मिनिटे आरोग्याला द्या.

पहिले काम, वस्तीत दोन-तीन ‘इशारा राखणाऱ्या’ निवडा. कॉलेजात जाणारी मुलगी, आशाताई, किराणा दुकानावर बसणारा दादा, ज्यांच्या हातात दुपारी फोन असतो असे कोणीही. त्यांच्या फोनवर ‘दामिनी’ आणि ‘सचेत’ टाका. रोज दुपारी बारा वाजता आणि आभाळ भरले की लगेच पाहायचे, एवढे त्यांचे काम.

दुसरे, इशारा दिसला की भोंग्यावरून सांगायचे. इथे एक खबरदारी घ्या. विजा डोक्यावर आल्यावर तारेचा माइक हातात धरायचा नाही. घोषणा आधीच करायची, मग ॲम्प्लिफायर बंद करून त्याचा प्लग काढून ठेवायचा. त्यानंतर बॅटरीवरचा हातभोंगा, तोही पक्क्या घराच्या आतूनच. दूरच्या वावरांसाठी प्रत्येक टोळीतल्या एकीने तरी फोन कमरेला ठेवावा आणि राखणारीने तिला फोन लावावा. मोबाईलने वीज ओढली जात नाही. चार्जिंगला लावलेला फोन मात्र हातात घेऊ नये.

तिसरे, फोन नसला तरी मोजता येते. वीज चमकली की एक, दोन, तीन असे सेकंद मोजा. गडगडाट येईपर्यंतचे दर तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. खुरपे टाका, निघा. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. ऊन पडले म्हणून लगेच वावरात परतणाऱ्यांवरही वीज पडते.

चौथे, कोणत्या वावराला कोणता आसरा जवळ, हे आत्ताच ठरवा. पक्के घर, शाळा, विहार, बंद दारांची जीप, एसटी चालते. झाड, कुडाची झोपडी, चारी बाजूंनी उघडा टिनाचा शेड, ऑटो, दुचाकी, उघडा ट्रॅक्टर चालत नाही. विहीर, मोटर, तारेचे कुंपण यांपासून दूर. विहारावर तडितरक्षक बसवायचा असेल तर जाणकाराकडून अर्थिंगसह बसवा. तो त्या इमारतीचे रक्षण करतो, आजूबाजूच्या वावरांचे नाही. त्या काळात विहाराचे दार सर्व जातीधर्मांच्या माणसांसाठी उघडे असेल, हे वेगळे सांगायला नकोच.

हीच साखळी पुराला आणि उन्हाला लागू पडते. २८ सप्टेंबर २०२१ रोजी उमरखेड तालुक्यात दहागावच्या पुलावरून एसटी बस वाहून गेली. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर पुराने माणसे अडकली आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर बोलवावी लागली. आपल्या कितीतरी वस्त्या नाल्याकाठी, गावाच्या खोलगट अंगाला आहेत. नाल्याच्या पुलाच्या खांबावर रंगाची खूण करा: पाणी इथपर्यंत आले की म्हातारी माणसे आणि गरोदर बाया वर हलवायच्या. पुलावरून पाणी वाहत असेल तर कोणीही ओलांडायचे नाही. उन्हाचे सांगायचे तर, मे २०१० च्या लाटेत एकट्या अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ जास्त मृत्यू झाले. त्यातून तिथे २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार झाला. आपली १४ एप्रिलची मिरवणूक आणि बुद्धपौर्णिमा याच उन्हात येते. मिरवणूक संध्याकाळी काढणे, पाणी आणि मीठ-साखरेची सोय ठेवणे, हा आपला घरचा कृती आराखडा.

वीज पडलेल्याला हात लावा

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज शिल्लक राहत नाही. त्याला हात लावला तर धक्का बसत नाही. या एका गैरसमजामुळे माणसे लांब उभी राहून पाहतात आणि वाचणारा जीव जातो. काही भागांत अंगाला शेण फासतात किंवा मातीत पुरतात. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि श्वासही कोंडतो. कृपा करून असे काही करू नका.

आधी स्वतःच्या जिवाचा विचार करा. विजा चालू असतील तर त्याला उचलून जवळच्या आसऱ्याला न्या. एकाला १०८ वर फोन करायला लावा. हाक मारा, खांदे हलवा, छाती हलते का पाहा. श्वास नसेल किंवा आचके लागल्यासारखा असेल तर लगेच छातीदाब सुरू करा. छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवा, दुसरा हात त्यावर, कोपर ताठ. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर दबेल इतके जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा. तीस दाबांनंतर हनुवटी वर करून, नाक बंद करून तोंडाने दोन श्वास. विजेच्या धक्क्यानंतर हृदय कधीकधी पुन्हा सुरू होते, पण श्वास बंदच राहतो, म्हणून इथे तोंडाने श्वास देण्याला फार महत्त्व आहे. मदत येईपर्यंत थांबू नका, दमलात तर दुसऱ्याला द्या.

एकाच वेळी चार-पाच जणांना धक्का बसला असेल तर जो निपचित पडला आहे त्याच्याकडे आधी जा. कण्हणारे, रडणारे श्वास घेत आहेत. त्यांच्याकडे पाच मिनिटे उशिरा गेलात तरी चालेल. पाय लुळे आणि गार पडले, ऐकू येईना, भान हरपले, हे पुष्कळदा काही तासांत ओसरते. तरीही प्रत्येकाला दवाखान्यात न्यायचेच. गरोदर बाईला तर काही होत नसले तरी न्या.

कागद विसरू नका

मृत्यू झाल्यास वारसाला शासनाकडून चार लाख रुपयांची मदत मिळते. ती जमीन असणाऱ्यालाच मिळते असे नाही. भूमिहीन मजुराच्या कुटुंबाचाही तिच्यावर हक्क आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतले दोन लाख मात्र सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबापुरते आहेत. त्या बाबतीत भूमिहीन माणूस बाहेरच राहतो आणि हा भेद मिटवण्याची मागणी आपण लावून धरली पाहिजे.

चार लाखांसाठी पोलिसांत खबर, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. दुःखाच्या भरात घाईने अंत्यविधी उरकला तर पुढे वीज पडल्याचा पुरावा राहत नाही आणि अर्ज अडकतो. त्या वेळी कुटुंबाला सुचत नसते. पोलिसपाटील आणि तलाठ्याला कळवणे, कागदांच्या प्रती ठेवणे हे काम वस्तीतल्या शिकलेल्या माणसाने हाती घ्यावे. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. तो १०८ सोबत विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

आषाढ पौर्णिमेच्या पहिल्या वाचनाला या लेखातली तीन कामे करा: राखणाऱ्या निवडा, प्रत्येक वावराचा आसरा ठरवा आणि उशीवर का होईना, सर्वांनी एकदा छातीदाबाचा सराव करा. ग्रामसभेतला मजुरीचा ठराव त्यानंतर घ्या, सोबत वस्तीतल्या मजूर बाया उभ्या राहू द्या. प्रश्न त्यांनी विचारला होता. उत्तर काय आले, तेही आधी त्यांनाच कळले पाहिजे.

जय भीम.